गाडी – ब्लांदीन

घोट तोंडात होता आणि तो गिळता येत नव्हता. झालं होतं ते एवढंच. ल्योंमधल्या क्रुआ-रूसच्या चढावर, बाजाराच्या समोर, वाइनचं एक नवं दुकान निघालं होतं. आजूबाजूच्यांची पार्सलंही तिथेच ठेवून घ्यायचे, म्हणून ब्लांदीन शेजारणीचं पार्सल आणायला गेली होती. गल्ल्यावरच्या, केस बारीक कापलेल्या पोरीने पार्सल शोधता शोधता एक पेला पुढे सरकवला. “घ्या ना मॅडम, आत्ताच फोडलीय. चावत नाही ती.” ब्लांदीनने पेला तळाशी धरून उचलला, दोनदा फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला, या गालातून त्या गालात नेला, जिभेवर पसरला. हे सगळं हाताने आणि तोंडाने परस्पर केलं, तिला विचारलंसुद्धा नाही. मग डोळे पिकदाणी शोधायला लागले. दुकानात पिकदाणी नव्हती. फळ्या होत्या, बाटल्या होत्या, खिडकीत एक वाळकं रोप होतं. “कशी वाटली?” पोरीने विचारलं. ब्लांदीनने मान हलवली. गिळावं म्हणून तिने हनुवटी थोडी वर केली, तर घसा दुपारी दुकानाचं दार ओढून घ्यावं तसा मिटला. जोर केला तर ठसका लागेल असं वाटलं. तोंडात लाळ सुटून वाइन पातळ होत चालली होती. “एरवी तुम्हाला कुठली आवडते? तसलीच एखादी काढते,” पोरगी म्हणाली. तेव्हा मात्र ब्लांदीनने घाईघाईने रुमाल काढला आणि त्यात तोंड रिकामं केलं. जांभळा डाग पसरत गेला. पोरगी हसली. “एवढी वाईट?” “नाही, नाही. चांगली आहे. मला गाडी चालवायचीय म्हणून.” ती चालत आली होती. गाडी घराखाली चार दिवस उभीच होती.

पार्सल छातीशी धरून उतार उतरताना तिला रुमाल कुठे ठेवावा ते सुचेना. पर्समध्ये ठेवला तर पाकीट डागाळेल, फेकावा तर सासूने भरतकाम केलेला. शेवटी तो तिने मुठीतच धरून ठेवला, ओला आणि गार. मुठीतल्या ओलाव्यापेक्षा त्या पोरीचा प्रश्न जास्त टोचत होता. तुम्हाला कुठली आवडते. इतका साधा प्रश्न. ल्योंमध्ये कोणीही कोणालाही विचारतं, न्हाव्याकडे, दवाखान्यात, मयताला आलेल्या माणसांतसुद्धा. आणि एकतीस वर्षं दर शरद ऋतूत युरोपातल्या द्राक्षमळ्यांचे रस्ते तुडवलेल्या बाईला उत्तर येऊ नये. नवऱ्याला, रेजिसला, आवडते ती तिला पाठ होती. त्याच्या भावाची, मेलेल्या सासऱ्याचीही पाठ होती. स्वतःची म्हटल्यावर मनात एक मोकळी जागा लागत होती, अंधारात जिन्याची शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तशी.

ती चालवायची आणि रेजिस प्यायचा. हे कधी ठरलं ते आठवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत, अल्सासमध्ये असताना, तो म्हणाला होता, “कोणीतरी चालवायला हवंच ना.” आणि तिने किल्ली घेतली होती. एका दिवसापुरती घेतली होती. मग प्रत्येक तळघरात तिच्यासाठीही पेला यायचा, कारण बाईमाणसाला नुसतं उभं ठेवणं बरं दिसत नाही. ती घोट घ्यायची, तोंडात फिरवायची आणि थुंकायची. तो गिळायचा, डोळे मिटायचा, वहीत लिहायचा. तिने हा नेम एकदाही मोडला नाही. तोंडात राहिलेला थेंबही गिळला जाऊ नये म्हणून ती नंतर पाण्याने चूळ भरायची. कोणी तिच्यावर हे लादलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मोडायलाही काही कारण मिळालं नाही. दर रविवारी चर्चमध्ये पाद्री चषक उंच धरायचे, एकटेच प्यायचे, पांढऱ्या फडक्याने कड पुसायचे, आणि लोकांच्या जिभेवर नुसती भाकरीची पातळ चकती यायची. तिथेही तिला कधी कमी वाटलं नव्हतं. वाइन आपल्यासमोर वर उचलली जाते आणि परत खाली ठेवली जाते, एवढंच आपल्या वाट्याचं, असं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

म्हणून तिच्या डोक्यात युरोप होता तो रस्त्यांचा. मोझेल म्हणजे नदीकाठची वळणं आणि दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी गाडी. पिएमोन्ते म्हणजे धुकं, इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे हेच देवासारखे. आणि मागच्या सीटवर रेजिसने घेतलेल्या जमिनीतल्या अळंब्यांचा वास, जो तीन महिने गेला नाही. दोउरु म्हणजे ऊन, दगडी बांधांच्या पायऱ्या, आणि शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला रेजिस. तोकायच्या तळघरातल्या भिंतींवर काळी बुरशी लोकरीसारखी लोंबत होती आणि ती तिथे थंडीने कुडकुडत पार्किंगच्या वेळेचा हिशेब करत होती. आणि ज्युरातल्या आन्सेल्म व्हुइये या मळेवाल्याच्या तळघरातलं तिला काय आठवायचं, तर भिंतीतला एक गंजका खिळा. त्या खिळ्याखाली हिरवट ओल, आणि वर मातीचा एक पोपडा, बदकाच्या आकाराचा. एकतीस वर्षांत शेकडो तळघरं पाहिली, त्यातला हाच खिळा का लक्षात राहावा ते तिला कधी कळलं नव्हतं. झोप लागता लागता तो कधीकधी दिसायचा, आणि का कोण जाणे, बरं वाटायचं.

घरी रेजिस खिडकीशी बसला होता. मानेला मफलर, मांडीवर घोंगडी, समोर सुपाचा वाडगा तसाच. हिवाळ्यात त्याच्या घशाला पस्तीस वेळा किरणं दिली होती. गाठ गेली, पण चव गेली ती परत आली नाही. पाणी गंजासारखं लागतं, लोणी मेणबत्तीसारखं, आणि वाइन, तो म्हणायचा, वाइन ओल्या पुठ्ठ्यासारखी. घोट उतरताना घसा सोलून निघायचा तो वेगळाच. त्याने एकदाही तक्रार केली नव्हती. फक्त वसंतात एका संध्याकाळी त्याने तळघरातून एक जुनी बाटली वर आणायला लावली, स्वतः फोडली आणि पेला तिच्यासमोर ठेवला. “तू घे,” तो म्हणाला होता. “तोंडात धर आणि सांग.” तेव्हापासून दर संध्याकाळचं ते ठरूनच गेलं होतं. ती घोट घ्यायची, स्वयंपाकघरातल्या मोरीशी जाऊन थुंकायची, आणि येऊन सांगायची.

“अक्रोड,” ती म्हणायची.

“अक्रोड नव्हे. अक्रोडाची हिरवी साल.”

“मला अक्रोडच लागला, रेजिस.”

“लागला असेल. पण साल आहे ती. नीट बघ, मागून कडवट येतंय की नाही?”

“येतंय.”

“मग? साल!” आणि तो वहीत लिहायचा, साल. तिच्या तोंडातली चव तो खिडकीशी बसून दुरुस्त करायचा. तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या हाताची पेन्सिल इतकी हावरटपणे चालायची, मान इतकी पुढे यायची, की राग यायच्या आतच दमून जायला होत असे. हल्ली तर तो जे म्हणणार आहे तेच ती आधी म्हणून टाकायची. लवकर आटपायचं. मोरीत पाणी सोडून जांभळं वाहून जाताना बघायचं, आणि भांडी घासायला घ्यायची.

त्या दिवशी दुकानातून आल्यावर तो आंघोळीला गेला असताना तिने वह्यांचं कपाट उघडलं. एकतीस तपकिरी वह्या. त्याचं अक्षर पहिल्या वहीपासून तसंच, उजवीकडे कललेलं, वाऱ्यात उभं असल्यासारखं. गाव, मालकाचं नाव, द्राक्षाची जात, रंग, वास, घशात किती वेळ रेंगाळते. तिने स्वतःला शोधलं. प्रत्येक दिवसाच्या माथ्यावर, तारखेच्या बाजूला, हवामानानंतर ती होती. “ढगाळ. गाडी – ब्लांदीन.” “कोरडं ऊन. गाडी – ब्लांदीन.” “पाऊस, रस्ते निसरडे. गाडी – ब्लांदीन.” तिने तीन वह्या चाळल्या, मग चौथी. कुठेही ब्लांदीनला हे बरं वाटलं, ब्लांदीनला ते नको वाटलं, असं नव्हतं. पण त्याने तरी कुठून लिहावं? तिने कधी सांगितलं होतं? आंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला तसं तिने कपाट लावलं. मुठीतला रुमाल अजून मुठीतच होता. तो तिने बादलीत टाकला. डाग काही निघाला नाही.

“या वर्षी तू जा,” रात्रीचं सूप चमच्याने ढवळत रेजिस म्हणाला. “सगळीकडे नको. फक्त आन्सेल्मकडे. पिवळीचं पिंप उघडणार आहे तो. भरलं तेव्हा मी तिथे होतो, आठवतं?”

आठवत होतं. तिला आठवत होतं ते परतीच्या वाटेवर टायर बसला होता ते. ज्युराच्या पिवळ्या वाइनचं व्रतच असतं. पिंप भरायचं, आणि सहा वर्षं तीन महिने त्याला हात लावायचा नाही. आतली वाइन आटत जाते, तरी वरून भर घालायची नाही. वर सायीसारखा पापुद्रा धरतो आणि त्याच्या पडद्याआड जे व्हायचं ते होत राहतं. रेजिस ते पिंप उघडण्याची वाट बघत होता आणि मध्येच त्याचा घसा गेला होता.

“मला काय कळतं त्यातलं?”

“तुला कशाला कळायला हवं? तोंडात धर आणि वर अंगणात येऊन फोन कर. मी विचारीन, तू हो-नाही म्हण.” मग तिच्याकडे न बघता, “थुंकायच्या आधी जरा जास्त वेळ धर. माझ्यासाठी.”

“या खेपेला आगगाडीने जाते,” ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून कसं आलं ते तिचं तिलाच समजलं नाही.

“आगगाडीने? का?”

“गुडघा दुखतो चालवताना.” गुडघा खरंच दुखत होता, पण कारण ते नव्हतं. तिने तिकीट काढलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. दोन-तीन दिवस काही करताना मध्येच त्या कप्प्याला हात लावून बघायची. गाडी नसेल तर चालवायचं नाही. चालवायचं नसेल तर थुंकायला कारण नाही. मग घशाला बघू काय म्हणतो ते. चौसष्टाव्या वर्षी एका तळघरात उभं राहून वाइनचा एक घोट गिळून पाहायचा, हे काही कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण तिने ते ठरवलं होतं. आणि गिळल्यावर तरी कळेल का, की आपल्याला कुठली आवडते? का तिथेही ती नसलेली पायरीच निघेल? या दुसऱ्या प्रश्नाची तिला जास्त भीती होती.

निघायच्या दिवशी, गुरुवारी सकाळी तिने रेजिसचं सूप गाळून ठेवलं, गोळ्या ओळीने मांडल्या, नवी वही पर्समध्ये टाकली, कोट चढवला. दाराशी चिनीमातीच्या वाडग्यातून किल्ली उचलली, खाली आली, आरसा नीट केला, आणि शहराबाहेर पडून पुष्कळ अंतर गेल्यावर टोलनाक्याशी काच खाली करायला हात गेला तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती गाडी चालवत होती. तिकीट पर्समध्ये होतं, त्या वेळची आगगाडी स्टेशनातून सुटून गेली असेल. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने टोलची चिठ्ठी घेतली आणि पुढे निघाली, कारण तिथे वळायला जागा नव्हती. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. फार तर हसू यायला हवं होतं, तेही आलं नाही. दोन्ही बाजूंना ब्रेस भागातलं सपाट रान, मक्याची कापलेली ताटं, त्यावर बसलेले कावळे. हाताने दर वर्षीप्रमाणे किल्ली उचलली, पायाने जिना उतरला, आणि तिला कोणी विचारलं नाही. घसा तरी वेगळं काय करणार होता? दूर डोंगरांची पहिली निळी रेघ दिसायला लागली आणि तिने नेहमीच्या जागी, नेहमीच्या त्या पुलाअलीकडे, भर उजेडातही दिवे लावले.

सें-तिबो गावाच्या वरच्या आळीत आन्सेल्म व्हुइये अंगणात बादल्या धूत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, डोक्यावर लोकरी टोपी, पाठ द्राक्षवेलीच्या खोडासारखी पिळलेली. कापणी उरकली होती. अंगणभर आंबूस वास होता आणि चिलटं घोंगावत होती. गाडी बघून त्याने ओले हात विजारीला पुसले. “या, या, ड्रायव्हरबाई! आणि साहेब? डिकीत का?”

“ते येणार नाहीत,” ब्लांदीन म्हणाली, आणि घशाचं सांगितलं. सांगायला चारच वाक्यं लागली. आन्सेल्मने टोपी काढली. टोपीखालचं कपाळ लहान मुलासारखं पांढरं होतं. “हं,” तो म्हणाला. “आणि जीभ?” “जीभही.” “हं.” त्याने टोपी परत घातली. “जीभ नसताना त्यांनी तुम्हाला पाठवलं. म्हणजे अजून खोड गेली नाही म्हणायची. चला खाली.”

तळघराच्या पायऱ्या अकरा होत्या, सहावी तुटकी, हे तिच्या पायांना माहीत होतं. खाली गारवा अंगावर आला. पिंपं दोन ओळींत झोपलेली, मधोमध उभं केलेलं एक रिकामं पिंप, त्यावर पेले, कोंते चीजचे तुकडे, आणि पिकदाणी. ती दिसताच ब्लांदीनचे खांदे सैल पडले. आपली जागा सापडल्यासारखे. तिला स्वतःची कीव आली, पण तीही थोडीच.

“पिवळी कुठलीय?” तिने वही काढली. “ते फोनची वाट बघतायत.”

“बघू देत. आमच्याकडे आधी तांबडी, मग पांढरी, पिवळी शेवटाला. तुमच्या साहेबांना घाई असते म्हणून मी माझी रीत मोडायची का?” त्याने पुढच्या पिंपातून काचेच्या नळीने वाइन ओढली आणि पेल्यात सोडली. पुल्सार द्राक्षाची. तिला तांबडी म्हणायचं ते म्हणायचं म्हणून. कांद्याच्या पातळ सालीचा असतो तसला रंग, पलीकडचा दिवा सरळ दिसत होता. रेजिस हिला तोंड धुण्याची वाइन म्हणायचा. एका घोटात संपवून तो पुढच्या पिंपाकडे सरकलेला असायचा, वहीत तिची एकच ओळ.

ब्लांदीनने घोट घेतला. तोंडात फिरवला. आन्सेल्म काही बोलत होता, यंदाच्या गारपिटीचं, सुनेचं, दवाखान्यात लावलेल्या नव्या दातांचं. त्याचं ऐकता ऐकता ती नकळत बाजूला वळली. समोर गंजका खिळा होता. त्याखाली हिरवट ओल. वर मातीचा पोपडा. बदकाची मान आता तुटली होती, एवढाच फरक.

आन्सेल्मचं बोलणं थांबलं होतं. ती घाईने पिकदाणीपाशी आली, वाकली, थुंकली, ओठ टिपले. म्हातारा तिच्याकडे बघून मिशीत हसत होता.

“अजून तेवढाच वेळ,” तो म्हणाला. “एकतीस वर्षं झाली ना? तेवढाच.”

“कसला वेळ?”

“माझा बाप सांगायचा, आन्सेल्म, गिऱ्हाईक बोलतं ते कानावर घेऊ नकोस. गिऱ्हाइकाला अक्कल दाखवायची असते. ड्रायव्हरकडे बघ. त्याला थुंकायचंच आहे, त्याला तुझी खुशामत करून काय मिळायचं? तो थुंकायच्या आधी किती वेळ तोंडात धरतो, तेवढी वाइन चांगली. मी सगळ्यांच्या ड्रायव्हरांचं बघत आलो. बहुतेक जण लगेच पिचकन. तुम्हीही पांढरीला लगेच. पिवळीला तर तोंड कडू करून लगेच. साहेब तिकडे स्वर्गात पोचलेले, आणि तुम्ही चूळ भरताय.” हसता हसता त्याला खोकला आला, पिंपाला धरून तो थोडा वाकला. “पण ही दिली की भिंतीकडे तोंड. दरवर्षी. मी मनात आकडे म्हणायचो. चाळीसपर्यंत गेलोय एकदा. साहेब तिसऱ्या पिंपावर, आणि तुमचा पहिला घोट तोंडातच.”

ब्लांदीन भिंतीकडे बघत राहिली. इतकी वर्षं झोपेच्या काठावर दिसणारा तो खिळा. तेवढा वेळ त्याच्याकडे बघितलं होतं म्हणून तो राहिला होता. वहीत कुठे नव्हतं ते इथे एका परक्या म्हाताऱ्याच्या डोक्यात, चाळीस आकड्यांत, नीट ठेवलेलं होतं.

“मग कधी बोलला नाहीत?” तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा करडा आला.

“मी? थुंकणाऱ्या माणसाला कशी आहे म्हणून विचारायचं नसतं, बाई. आमच्यात पाप समजतात. उपाशी माणसाला पंगतीत बसवून भाजी कशी झालीय विचारल्यासारखं. आणि मला वाटलं, तुमचं तुम्हाला ठाऊक असेल.” त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “नव्हतं?”

तिने हातातला पेला रिकाम्या पिंपावर ठेवला. आन्सेल्म पुढे झाला. त्याने पेला घेतला, नळी पुन्हा पिंपात सोडली, आणि या वेळी चाखण्यापुरती नव्हे, जेवायला बसलेल्या माणसाला देतात तशी चांगली अर्धा पेला भरून ओतली. मग पिकदाणी उचलली. “धुवायला झालीय,” असं कोणालाच न सांगता म्हणाला, आणि ती घेऊन अकरा पायऱ्या हळूहळू चढून गेला.

तळघरात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ब्लांदीनने पेला उचलला. फिरवला नाही. भिंतीकडे वळली. घोट घेतला आणि तो तोंडात थांबू दिला. आंबट होता. आईच्या खिडकीत पावावर लावायला ठेवलेल्या, साखर न घातलेल्या लाल बोरांचा रस असायचा, तसा. पण तसाही नाही. थोडी माती. थोडं असं काही, की ते नीट काय आहे ते बघायला जावं तर बाजूला होत होतं. रेजिस असता तर म्हणाला असता, बोरं नव्हेत, बोरांची देठं. तिने देठं शोधून पाहिली. नव्हती. मग तिने शोधणं सोडलं. घशाकडेही लक्ष दिलं नाही. त्याला सांगून काही उपयोग नव्हता हे कळलं होतं. खिळ्याच्या टोकाला ओलीचा एक थेंब धरला होता, तो पडतो का ते ती बघत राहिली. बघता बघता फार दमल्यासारखं झालं. एकतीस वर्षांचे सगळे घाट, सगळं धुकं, शेजारच्या सीटवरचं सगळं घोरणं एकदम पिंढऱ्यांत उतरलं, आणि ती मागच्या पिंपाला टेकली. थेंब पडला. तोंड रिकामं होतं. घोट केव्हा गेला ते तिला कळलंच नाही. छातीत खाली कुठेतरी एक लहानशी ऊब पोचत होती, तेवढाच पुरावा.

दुसरा घोट तिने मुद्दाम घेतला. तो गेला. तिसराही.

वर अंगणात ऊन कलायला लागलं होतं. आन्सेल्म नळाशी पाठमोरा बसून पिकदाणी धूत होता. इतका वेळ धुण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. ब्लांदीनने गाडीच्या बॉनेटला टेकून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

“बोल. पिवळी कशीय? आधी वास सांग.”

“पिवळीपर्यंत पोचले नाही अजून. पहिल्याच पेल्यावर आहे.”

“पहिल्या? ती पुल्सार? ब्लांदीन, दोन वाजून गेले! ती थुंकून टाक आणि पुढे हो, जीभ कशाला वाया घालवतेस तिच्यावर.”

“थुंकली नाही,” ब्लांदीन म्हणाली.

 पलीकडे खिडकीखालून ट्राम गेल्याचा आवाज आला, घोंगडी सरकल्याचा आला. तिला वाटलं, आता विचारील, म्हणजे काय? विचारील, मग गाडी?  गाडीचा पत्रा उन्हाने कोमट होता. तो पाठीला बरा वाटत होता.

“किती?” शेवटी रेजिसने विचारलं.

“अर्धा पेला. अजून थोडी राहिलीय खाली.”

 त्याचा श्वास ऐकू येत होता, सोललेल्या घशातून जाणारा. मग त्याने अगदी हळू विचारलं, “कशी होती?”

तिने तोंड उघडलं. बोरं म्हणणार होती. त्याच्या पेन्सिलीचा कागदावर टेकल्याचा आवाज आला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तो नुसता थांबला होता.

“सांगता नाही येत,” ती म्हणाली.

“बरं,” रेजिस म्हणाला. आणि पुढे, “मग तिथेच थांब. गाडी चालवू नकोस.”

एकतीस वर्षांत हे वाक्य त्या दोघांत कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. तिने “बरं” म्हटलं, सूप गरम करून घ्यायला सांगितलं, निळी गोळी आधी घे म्हणाली, आणि फोन ठेवला. मग ती खाली गेली. अकरा पायऱ्या, सहावी तुटकी. वही पिंपावर उघडी पडली होती, कोरी. ती तिने मिटली. कोटाच्या खिशात टोचणारी किल्ली काढली, आणि ती कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघून भिंतीतल्या त्या गंजक्या खिळ्याला अडकवली. किल्ली थोडा वेळ हलत राहिली. ती थांबेपर्यंत ब्लांदीन बघत उभी राहिली, आणि मग तिने पेल्यात उरलेली तोंडाला लावली.